पाणी बदललं की गप्पी मरतात? आधी घड्याळ बघा

रविवारी दुपारी गप्पी माशांच्या टाकीचं पाणी बदलायचं आणि सोमवारी सकाळी चहाच्या जुन्या गाळणीने मेलेली पिल्लं काढायची, हे माझ्या घरी दोन वर्षं चाललं होतं. दर वेळी नाही, म्हणून तर कळायला इतका उशीर लागला. कधी चार-पाच आठवडे सगळं सुरळीत जायचं. मग एका रविवारी तीच बादली, तोच नळ, तीच पद्धत, आणि तीन आठवड्यांच्या ३२ पिल्लांतली ६ उरली. मोठे मासे बहुतेक वेळा वाचायचे. पिल्लं जायची.

आता हाच प्रश्न मला ओळखीतलं कोणी ना कोणी सतत विचारतं, आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "ताई, पाणी बदललं की मासे मरतात, म्हणून मी पाणी बदलणंच बंद केलंय." कृपा करून तसं करू नका. त्याने पुढचा धक्का आणखी मोठा बसतो. का, ते खाली येईलच.

दुसरा प्रश्न विहिरीतल्या गप्पींचा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिकेचे हिवताप विभागाचे लोक गप्पी विहिरीत, हौदात, बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात सोडतात. तिथे ना फिल्टर, ना औषध, ना कोणी पाणी बदलून देणारं. तरी ते जगतात आणि भराभर वाढतात. मग एवढी काळजी घेऊन घरातले का मरावेत? मला वाटतं, खरं उत्तर याच प्रश्नात आहे. विहिरीचं पाणी कदाचित खराब असेल, पण ते अर्ध्या तासात बदलत नाही. उन्हाळ्यात हळूहळू आटतं, पावसात हळूहळू भरतं, मासा त्याच्याबरोबर बदलत जातो. आपल्या ४० लिटरच्या टाकीत २० लिटर नवं पाणी ओतलं की अर्धं जग दहा मिनिटांत बदलतं. गप्पी वाईट पाणी सोसतो, अचानक झालेला फरक सोसत नाही. आणि सुईएवढ्या पिल्लाला तर तो मुळीच सोसत नाही.

फरक मात्र चार तऱ्हेचा असतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुठला फरक झाला हे ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पाणी घातल्यापासून किती वेळाने मासे बिघडले ते बघणं. मी आता पाणी बदलल्यावर वहीत वेळ लिहिते आणि मग तासभर टाकीसमोरून हलत नाही.

तासाभरात बिघडले तर क्लोरीन

नवं पाणी गेल्यावर १०-१५ मिनिटांत मासे सैरावैरा धावू लागले, काचेवर आपटले, मग वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, कल्ले जोरजोरात हलू लागले, तर दुसरं काही शोधत बसू नका. नळाला येणाऱ्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेलं असावं, असं आपल्याकडचं पिण्याच्या पाण्याचं प्रमाण आहे. माणसाला ते काहीच नाही. माशाच्या कल्ल्यांना मात्र त्याच्या निम्म्यानेही भाजतं.

पावसाळ्यात हे का वाढतं? धरणात गढूळ पाणी येतं, शुद्धीकरण केंद्रात मात्रा वाढवतात. जुलैत नळाच्या पाण्याला येणारा तो वास आठवून बघा. पण माझ्याकडे गुन्हेगार त्याहून जवळ होता. एका सोमवारी मी पिल्लं मोजून हताश झाले आणि खाली जाऊन पंप बघणाऱ्या मामांना सहज विचारलं.

"मामा, टाकी धुतली का हो एवढ्यात?"

"हो ताई, शनिवारीच. धुऊन पावडर टाकली ना. पावसाचं टाकावीच लागते."

पावडर म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. सोसायटीच्या टाकीत ती अंदाजाने, डब्याने पडते. त्या दिवशी मी वहीतल्या पिल्लं मेल्याच्या जुन्या तारखा आणि टाकी धुतल्याच्या तारखा ताडून पाहिल्या. पाचांपैकी दोन घटना तिथेच उलगडल्या. मामांचं यात काही चुकलेलं नाही, माणसांसाठी ते बरोबरच करत होते. आता टाकी धुवायच्या आदल्या दिवशी ते मला सांगतात आणि मी दोन बादल्या आधीच भरून ठेवते.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. पाणी रुंद बादलीत काढून एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं. नुसतं झाकून ठेवलं तर जात नाही. पण कच्च्या पाण्यात आधीच अमोनिया असेल, आणि पावसाळ्यात तो असू शकतो, तर क्लोरीन त्याच्याशी जोडलं जातं आणि रात्रभरात उडत नाही. म्हणून मी हायपो वापरतेच. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. बाजारात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा तेच असतं. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतो. त्या हिशेबाने लिटरला २ मिलिग्रॅम इतकं तीव्र क्लोरीन धरलं तरी २० लिटरच्या बादलीला या द्रावणाचे ३ मिली पुरतात. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही.

खात्री करायची असेल तर ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्याची करतात ती ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट घरीही होते. नमुन्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. ते द्रावण आरोग्याला वाईट असतं, हाताला लागू देऊ नका, आणि तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका.

मासे आत्ता तडफडत असतील तर बादलीची वाट बघू नका. हायपो थेट टाकीत घाला, हवा पूर्ण जोरात सुरू करा. क्लोरीन लगेच मरतं. भाजलेले कल्ले सावरायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर खाणं कमी ठेवा.

संध्याकाळी किंवा रात्री बिघडले तर अमोनिया

हे प्रकरण मला सगळ्यात उशिरा कळलं. पाणी बदलणं बंद केल्याने नुकसान होतं ते याचमुळे.

मासे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे करताना पाण्याचा पीएच स्थिर ठेवणारा क्षार, म्हणजे केएच, खर्ची पडतो. नवं पाणी मिळत नसेल तर काही आठवड्यांत केएच संपतो आणि पीएच घसरू लागतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया साठत जातो. आणि मासे? मासे मजेत दिसतात! कारण कमी पीएचला अमोनिया जवळपास सगळा अमोनियम या रूपात असतो आणि ते रूप माशाला फारसं विषारी नाही.

मग एक दिवस आपल्याला वाटतं, बरेच दिवस झाले, आज चांगलं निम्मं पाणी बदलू. नवं पाणी क्षारयुक्त. पीएच वर चढतो आणि अमोनियमचा पुन्हा अमोनिया होतो. हिशेब करून बघा. समजा टाकीत एकूण अमोनिया लिटरला ४ मिलिग्रॅम आहे, पीएच ६.२ आणि पाणी २८ अंशांवर. विषारी अमोनिया फक्त ०.००४ मिलिग्रॅमच्या आसपास. निम्मं पाणी बदललं, एकूण अमोनिया २ वर आला, पण पीएच ७.६ झाला. आता विषारी भाग ०.०५ च्या वर. घाण अर्धी केली आणि विष दहापटीहून जास्त वाढलं. पाणी स्वच्छ दिसतंय, वास नाही, आणि रात्री नऊ वाजता पिल्लं तळाशी आडवी.

म्हणून जुन्या, दुर्लक्षित टाकीला हात लावण्याआधी तिचा पीएच आणि अमोनिया तपासा. थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया भरपूर, असं दिसलं तर दोन-तीन दिवस खाणं बंद ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ फक्त दहा-दहा टक्के पाणी बदला. पीएच चढायच्या आधी अमोनिया बाहेर पडत राहतो आणि जिवाणूही पुन्हा कामाला लागतात. आठवड्याभरात टाकी रुळावर येते. पण जर मोठा बदल आधीच झालेला असेल आणि मासे आत्ता माना टाकत असतील, तर पीएच चढून चुकलाय, आता थांबण्यात फायदा नाही. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं, त्याच क्षाराचं आणखी पाणी घालून अमोनिया पातळ करा. अमोनिया बांधणारं कंडिशनर घरात असेल तर तेही घाला.

दुसऱ्या दिवशी बिघडले तर पाणीच वेगळं होतं

आता ते कोडं, ज्याने मला दोन वर्षं फिरवलं: तोच नळ, मग कधी मरतात, कधी नाही, असं का?

कारण नळ तोच, पाणी तेच नव्हतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी येतं, कमी पडलं की बोअर सुरू होतो, मे महिन्यात टँकर येतो. तिन्हीचं मिश्रण रोज वेगळं. माझ्या हातात हे आलं ते स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवाल्याने ठेवून दिलेल्या टीडीएस पेनमुळे, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या पेनमुळे. एक महिना रोज सकाळी नळाखाली धरून आकडा लिहिला. सगळ्यात कमी ९४, सगळ्यात जास्त ६८०. एका रविवारी मी ११० च्या पाण्यात वाढलेल्या पिल्लांवर ६०० चं पाणी ओतलं होतं, तर दुसऱ्या रविवारी नेमकं उलट.

माशाच्या अंगात आणि बाहेरच्या पाण्यात क्षारांचा जो तोल असतो, तो अचानक ढळला की कल्ले आणि मूत्रपिंडं तो सावरता सावरता थकतात. मोठ्या माशाला वेळ मिळतो. पिल्लाचं आकारमान इतकं लहान असतं की त्याला मिळत नाही. खूण ओळखायला शिका: आठ-दहा दिवसांच्या पिल्लाची शेपटी एरवी जपानी पंख्यासारखी उघडलेली असते. बिघडलं की ती मिटते आणि टोकाशी सुईसारखी होते. पिल्लू पुढे सरकत नाही, जागच्या जागी अंग डोलवत राहतं, जणू उभ्या उभ्या थरथरतंय. मेल्यावर नाही, हे दिसताक्षणी कामाला लागायचं.

माझा नियम असा: बादलीतल्या आणि टाकीतल्या पाण्याचा टीडीएस १०० पेक्षा कमी फरकाचा असेल तर एका वेळी २० ते २५ टक्के बदला. त्याहून जास्त असेल तर दहाच टक्के, तेही हळू. तापमानात २ अंशांपेक्षा जास्त फरक नको. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते तसंच ओतू नका. डिसेंबरात पहाटेचं नको. बोअरचं पाणी ताजं ताजं तपासलं तर पीएच फसवतो. त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि ऑक्सिजन कमी असतो. रात्रभर हवा लावली की वायू उडतो आणि सकाळी पीएच बराच वर दिसतो. खरा आकडा तो सकाळचा.

यात एक गैरसमज मला फार छळतो. पुष्कळ जण मोठ्या मायेने माशांना आरओचं पाणी घालतात, "आपण पितो तेच शुद्ध पाणी" म्हणून. गप्पीसाठी ते उपासमारीसारखं आहे. गप्पी मुळात कॅरिबियन बेटांवरचा आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला मासा, त्याला कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं जड पाणी मानवतं. बोअरचं पाणी माणसाला नकोसं वाटतं, पण सावकाश सवय केली तर गप्पीला ते धरणाच्या मऊ पाण्यापेक्षा बरं. तुमच्याकडे फक्त मऊ पाणी येत असेल, आणि धरणाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊच असतं, तर फिल्टरच्या वाटेत मूठभर कोरलचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या केल्या की मी शिंपल्या उकळून, आतलं सगळं घासून काढून, कडक उन्हात वाळवून वापरते. कॅल्शियम कार्बोनेटच ते. पीएच खाली गेला की आपोआप थोडं विरघळतं, केएच संपू देत नाही, आणि वरचं अमोनियाचं संकटही टळतं.

तिसऱ्या दिवसापासून एकेक जात असतील तर फिल्टर धुतला होता

आपल्याकडे स्वच्छतेची व्याख्या घासूनपुसून लख्ख अशी आहे. दिवाळीच्या साफसफाईत फिशटँकही येतो: मासे टोपात, खडे परातीत, स्पंज नळाखाली पिळून पिळून, काच पावडरने. भाऊबीजेपर्यंत अर्धे मासे गेलेले असतात. स्पंजमधला तो तपकिरी चिकट गाळ म्हणजे घाण नव्हे, अमोनिया खाणारे जिवाणू त्यातच राहतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात पिळला की ते मरतात, आणि नव्याने पूर्ण बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आधी अमोनिया, मग नायट्राइट चढतो. नायट्राइटने कल्ले तपकिरी पडतात आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी लिटरला १ ग्रॅम खडेमीठ, आधी विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गप्पीला एवढं मीठ सहज चालतं, काही पाणवनस्पतींना नाही.

स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात, दोनदा दाबून, बस. आणि ज्या दिवशी स्पंज धुवाल त्या दिवशी तळाचा गाळ ओढू नका. एका वेळी एकच काम.

निळ्या-पिवळ्या औषधांच्या बाटल्या या चारांपैकी एकाही कारणावर चालत नाहीत. मिथिलीन ब्लू तर फिल्टरच्या जिवाणूंनाच मारू शकतं. अंगावर पांढरे दाणे किंवा कापसासारखं काही दिसल्याशिवाय बाटली उघडू नका.

पिल्लांची टाकी

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं. कुस्करलेलं खाणं, जमलं तर अंड्यातून ताजे फुटलेले आर्टेमिया, म्हणजे कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. म्हणजे १२ लिटरच्या टाकीत घाण मोठ्या टाकीपेक्षा लवकर साठते. म्हणजे पाणी रोज बदलावं लागतं. आणि नेमकी पिल्लंच बदल सोसत नाहीत. या पेचातून सुटायला मी जे करते त्याने आमच्याकडची मर खरोखर थांबली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पिल्लांच्या टाकीत नळाचं नवं पाणी मी कधीच घालत नाही. नवं पाणी, हायपो घातलेलं, रात्रभर हवा दिलेलं, मोठ्या टाकीत जातं. पिल्लांना मोठ्या टाकीचं पाणी मिळतं, म्हणजे ज्या पाण्यात ती जन्मली तेच, तेवढ्याच पीएचचं, तेवढ्याच क्षाराचं, तेवढ्याच तापमानाचं. अट एवढीच की मोठ्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत आणि तिथे आजारी मासा नसावा. आधी पिल्लांच्या टाकीतलं लिटर-सव्वालिटर पाणी एअर पंपाच्या बारीक नळीने तळाचा गाळ ओढत काढते. नळीच्या तोंडाला स्पंजचा तुकडा न लावता पांढऱ्या भांड्यात काढते, चुकून एखादं पिल्लू आलंच तर पांढऱ्यावर दिसतं. मग दुसऱ्या नळीला सैल गाठ मारून मोठ्या टाकीतून सेकंदाला दोन थेंब या वेगाने पाणी सोडते. तासाला साधारण एक तृतीयांश लिटर पडतं. सकाळी स्वयंपाकाला लागताना सुरू केलं की दुपारच्या जेवणापर्यंत काम झालेलं असतं.

गाभण मादीसाठीही तीच काळजी. गप्पीची मादी २१ ते ३० दिवसांत विते. शेवटच्या आठवड्यात पोट बाजूने बघितलं तर गोल न राहता चौकोनी दिसू लागतं आणि शेपटीकडच्या काळ्या डागात बारीक डोळे दिसतात. पुष्कळ माद्या पाणी बदलल्यावर लगेच वितात, पण फरक मोठा असेल तर अपुऱ्या वाढीची, पोटाला पिवळा बलक चिकटलेली पिल्लं टाकतात आणि ती क्वचितच जगतात. म्हणून त्या आठवड्यात दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका आणि मादीला वीणपेटीत कोंडू नका. जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट गठ्ठा टाकीत असला की पुरे. पिल्लं जन्मल्या क्षणी त्यात शिरतात.

यंदा जूनमध्ये मामांनी टाकी धुतली तेव्हा आधीच भरलेल्या दोन बादल्यांवर मी सहा दिवस काढले. सातव्या दिवशी नळाची ओटी बिनरंगाची आली, टीडीएस २१०, टाकीत १८०. मग बादल्यांत पाइप लावला. मॉसखाली त्या आठवड्यातली २७ पिल्लं होती. आज सकाळी मोजली, २६ आहेत.